बॅरेटची अन्ननलिका



आज मी आपणांपुढें जो विषय मांडणार आहें, तो खरें पाहतां वैद्यांचा विषय आहे; आणि मी तर वैद्य नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकून जन्मभर शाळेंत इतिहास शिकविलेला मी एक निवृत्त शिक्षक. परंतु ज्याप्रमाणें राज्यांना इतिहास असतो, त्याप्रमाणें रोगांनाहि असतो. एखादा रोग मनुष्याच्या शरीरांत पिढ्यान्‌पिढ्या वावरत असतो. पण तो ओळखावा कसा, त्याला नांव काय द्यावें आणि त्याच्याशीं वागावें कसें, हें माणसाला हळूहळू, अडखळत, कधीं कधीं उलट्या वाटेनें जाऊन कळतें. अन्ननलिकेच्या अशाच एका विकाराचा इतिहास आज सांगावयाचा आहे. त्या विकाराचें नांव ‘बॅरेटची अन्ननलिका’. हा विकार म्हणजे कर्करोग नव्हे. कर्करोगाच्या वाटेवरचा तो एक मुक्काम आहे. त्या मुक्कामावर असलेल्यांपैकीं फारच थोडे पुढें जातात. मात्र जे जातात, त्यांना वाटेंतच गांठतां आलें तर त्यांचा जीव वांचूं शकतो. म्हणून हा इतिहास केवळ कुतूहलाचा नाहीं.

जेवणानंतर छातींत जळजळ होणें, आंबट पाणी घशाशीं येणें, आडवें होतांच त्रास वाढणें, ही तक्रार आपल्या घरोघरीं परिचयाची आहे. आपण तिला आम्लपित्त म्हणतों. आपल्या वैद्यकासहि ती जुनीच. ‘माधवनिदान’ या ग्रंथांत अम्लपित्ताचें स्वतंत्र प्रकरण आहे. कोणी थंड दूध घेतो, कोणी आंवळा खातो, कोणी सोडा पितो, कोणी औषधाच्या दुकानांतून गोळी आणतो. जळजळ शमली कीं ती विसरली जाते. हें विसरणें बहुतेकांच्या बाबतींत निरुपद्रवी ठरतें. कांहींच्या बाबतींत मात्र तसें होत नाहीं. तें कां, हें समजण्यासाठीं या नलिकेची रचना थोडी पाहिली पाहिजे.

अन्ननलिका ही घशापासून जठरापर्यंत जाणारी, सुमारें २५ सेंटिमीटर लांबीची, स्नायूंची नळी आहे. तिला आंतून फिकट, गुळगुळीत अस्तर असतें. चपट्या पेशींचे थरावर थर बसून तें झालेलें असतें. जठराचें अस्तर निराळें. तें तांबूस, मखमलीसारखें आणि उभ्या खांबांसारख्या पेशींचें. जठरांत तीव्र आम्ल स्रवतें, पण जठराचें अस्तर तें सोसतें. या दोहोंच्या सीमेवर स्नायूंचा एक दरवाजा आहे. अन्न खालीं जाण्यापुरता तो उघडतो व पुन्हां मिटतो. हा दरवाजा सैल झाला तर आम्ल व त्याबरोबर पित्तरस वर चढतो.

कोंकणांत खाडीकांठच्या शेतांना बांध घालतात, हें आपणांस ठाऊक आहे. बांध फुटून खारें पाणी वरचेवर आंत शिरूं लागलें, म्हणजे भाताचें पीक मरतें आणि कांहीं काळानें त्या जागीं खाऱ्या पाण्यांत तग धरणारीं झुडपें उगवतात. अन्ननलिकेंत असेंच घडतें. आम्लानें वारंवार भाजलेलें फिकट अस्तर नष्ट होतें व त्या जागीं आम्ल सोसणारें तांबूस अस्तर येतें. सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिलें तर तें आंतड्याच्या अस्तरासारखें दिसतें; त्यांत चंबूच्या आकाराच्या पेशी आढळतात. हीच बॅरेटची अन्ननलिका. यांतील फसवी गोष्ट अशी कीं, या नव्या अस्तराला आम्ल पूर्वीइतकें झोंबत नाहीं. त्यामुळें वर्षानुवर्षें जळजळीनें हैराण झालेल्या माणसाला एके काळीं आपोआप बरें वाटूं लागतें, आणि नेमक्या त्याच वेळीं आंत बदल होऊन गेलेला असतो. दुखणें थांबलें म्हणजे रोग गेला, हा आपला नेहमींचा हिशेब येथें चुकतो.

आतां प्रश्न असा कीं, जी जागा डोळ्यांना दिसत नाहीं, तेथील बदल ओळखावयाचा कसा? १८६८ सालीं जर्मनींतील फ्रायबुर्ग येथें ॲडॉल्फ कुसमाउल नांवाच्या वैद्यानें यावर एक विलक्षण युक्ति योजिली. तलवार गिळण्याचे खेळ करणारा एक मनुष्य त्यानें बोलावून घेतला. तलवार ज्याच्या गळ्यांतून सरळ खालीं उतरते, त्याच्या गळ्यांतून सरळ नळीहि उतरेल, हा त्याचा तर्क होता, आणि तो खरा ठरला. नळी जठरापर्यंत गेली. परंतु त्या काळच्या दिव्याचा उजेड इतक्या खोलवर पोंचेना. १८८१ सालीं व्हिएन्ना येथें योहान मिकुलिच या शस्त्रवैद्यानें लायटर नांवाच्या उपकरणकाराच्या साहाय्यानें विजेच्या उजेडाची अन्ननलिका-दुर्बीण तयार केली. १९३२ सालीं रुडॉल्फ शिंडलर यानें थोडी वांकणारी दुर्बीण बनविली. तरीहि ही तपासणी रोग्यास त्रासाची आणि वैद्यास कौशल्याची होती. ती सर्रास करतां येत नसे.

ही अडचण दूर होण्यांत एका भारतीय संशोधकाचा वांटा आहे. पंजाबांतील मोगा येथें १९२६ सालीं जन्मलेले नरिंदरसिंग कपानी हे लंडनच्या इंपीरियल कॉलेजांत हॅरल्ड हॉपकिन्स यांच्या हाताखालीं काम करीत होते. कांचेचे केसासारखे बारीक तंतु एकत्र बांधले तर त्यांतून प्रकाशच नव्हे, तर चित्रहि वांकड्या वाटेनें नेतां येतें, हें त्या दोघांनीं १९५४ सालीं ‘नेचर’ या नियतकालिकांत प्रसिद्ध केलें. तो लेख अमेरिकेंत मिशिगन येथें काम करणाऱ्या बेसिल हर्शोविट्झ या डॉक्टरांच्या वाचनांत आला. त्यांनीं लंडनला जाऊन तो प्रयोग प्रत्यक्ष पाहिला आणि परत आल्यावर लॅरी कर्टिस या विद्यार्थ्याच्या मदतीनें त्या तंतूंना दुसऱ्या कांचेचें आवरण देऊन एक लवचिक दुर्बीण सिद्ध केली. १९५७ सालीं ती प्रथम त्यांनीं स्वतःच गिळून पाहिली, आणि मग रोग्यावर योजिली. आज ज्या तपासणीस आपण एन्डोस्कोपी म्हणतों, तिचा पाया हा असा घातला गेला. कपानी यांना मरणोत्तर, २०२१ सालीं, पद्मविभूषण देऊन गौरविण्यांत आलें.

हें उपकरण घडत असतांना इंग्लंडमध्यें एक वाद चालला होता. नॉर्मन बॅरेट यांचा जन्म १९०३ सालीं ऑस्ट्रेलियांतील ॲडिलेड येथें झाला. त्यांचें शिक्षण इंग्लंडांत झालें व लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयांत ते छातीचे नामांकित शस्त्रवैद्य झाले. अन्ननलिका अकस्मात् फाटली असतां रोगी हमखास दगावत असे. १९४७ सालीं ती यशस्वी रीतीनें शिवून रोग्यास वांचविण्याचें श्रेय त्यांचें. ‘थोरॅक्स’ या वैद्यकीय नियतकालिकाचे ते पहिले संपादक. अशा अधिकारी पुरुषानें १९५० सालीं एक लेख लिहिला. अन्ननलिकेच्या खालच्या भागांत जुनाट व्रण आढळतात, आणि त्या व्रणांभोंवतीं जठरासारखें तांबूस अस्तर दिसतें, ही गोष्ट नवी नव्हती. अमेरिकेंत टाइलस्टन यानें १९०६ सालींच तिची नोंद केली होती. बॅरेट यांनीं तिचा अर्थ असा लाविला कीं, हा भाग अन्ननलिका नव्हेच. जन्मतः आंखूड असलेल्या अन्ननलिकेनें जठर वर छातींत ओढून घेतलें आहे, आणि तेंच नळीसारखें दिसत आहे!

या मतामागें त्यांची व्याख्या होती. जिला चपट्या पेशींचें अस्तर आहे तेवढीच अन्ननलिका, असें त्यांनीं ठरविलें होतें. ही व्याख्या एकदां मान्य केली, म्हणजे अन्ननलिकेस दुसरें अस्तर असूं शकतें काय, हा प्रश्नच उरत नाहीं. एखाद्या गांवांत मराठी बोलणारे तेवढेच गांवकरी, असें ठरविल्यावर त्या गांवांत परभाषी लोक किती, याचें उत्तर शून्यच यावयाचें. शिरगणती करण्याची गरज उरत नाहीं!

शिरगणती केली ती लीड्स येथील फिलिप ॲलिसन यांनीं. त्यांनीं जॉन्स्टन यांच्यासह १९५३ सालीं ‘थोरॅक्स’मध्येंच, म्हणजे बॅरेट संपादक असलेल्या नियतकालिकांतच, आपला लेख प्रसिद्ध केला. अस्तरावरून नांव न ठरवितां त्यांनीं संबंध भिंत तपासली. जठराच्या बाहेरून असतें तें उदरपटलाचें आवरण या भागास नव्हतें. स्नायूंची ठेवण अन्ननलिकेची होती. अन्ननलिकेंतच आढळणाऱ्या श्लेष्मग्रंथि तेथें होत्या. आणि तांबूस अस्तरांत मधून मधून फिकट अस्तराचीं बेटें शिल्लक होतीं. तात्पर्य, घर जुनेंच होतें. बदललें होतें तें केवळ आंतलें अस्तर. या बदललेल्या भागांतील व्रणांना ‘बॅरेटचे व्रण’ म्हणावें, असें त्यांनीं सुचविलें. पुढें तें नांव व्रणांवरून अस्तरावर गेलें आणि कायमचें चिकटलें. म्हणजे ज्या गोष्टीचें अस्तित्वच बॅरेट यांनीं नाकारलें, तिला त्यांचें नांव मिळालें! तथापि बॅरेट यांच्या थोरवीचा भाग पुढेंच आहे. १९५७ सालीं त्यांनीं स्वतः लेख लिहून आपलें पूर्वींचें मत सोडलें आणि हा भाग अन्ननलिकाच आहे हें मान्य केलें. सात वर्षांपूर्वीं छापलेलें मत नामांकित मनुष्यानें छापूनच मागें घ्यावें, ही गोष्ट कोणत्याहि विद्येंत विरळा.

हें अस्तर जन्मतःच असतें, अशी समजूत मात्र त्यानंतरहि कांहीं काळ टिकली. १९७० सालीं ब्रेमनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं कुत्र्यांवर प्रयोग केले. नलिकेच्या खालच्या भागाचें अस्तर काढून टाकल्यावर, जेथें आम्ल वर चढत राहिलें तेथें खांबांसारख्या पेशींचें अस्तर उगवलें. म्हणजे हा विकार जन्मजात नसून मिळविलेला आहे, हें दिसून आलें. तो कर्करोगाकडे नेऊं शकतो, ही शंका १९५२ सालींच मॉर्सन व बेल्चर यांनीं वर्णिलेल्या एका रोग्यामुळें आली होती. १९७५ सालीं स्वित्झर्लंडमधील नाएफ, साव्हारी व ओझेलो यांनीं अशा १४० रोग्यांची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांपैकीं १२ जणांस कर्करोग झालेला होता. शंकेची जागा आतां काळजीनें घेतली. पाश्चात्त्य देशांत त्याच सुमारास या जातीचा कर्करोग झपाट्यानें वाढूं लागला होता, त्यामुळें काळजी भीतीपर्यंत गेली.

भीतीचें कारणहि होतें. अन्ननलिकेचा कर्करोग बहुधा घांस अडकूं लागल्यावरच कळतो, आणि तोंवर तो फार पसरलेला असतो. छातींतील अन्ननलिका कापून काढण्याची पहिली यशस्वी शस्त्रक्रिया फ्रान्झ टोरेक यांनीं १९१३ सालीं न्यूयॉर्क येथें केली. ती वृद्ध बाई पुढें दहा वर्षांहून अधिक काळ जगली. पण तिचें अन्न शरीराबाहेरून लाविलेल्या रबरी नळींतून जठरांत उतरत असे. पुढें शस्त्रक्रिया पुष्कळ सुधारली, तरी ती आजहि मोठ्या जोखमीचीच आहे. तेव्हां रोग मोठा होण्यापूर्वींच तो पकडावा, हा विचार साहजिकच पुढें आला आणि ‘पहारा’ सुरू झाला.

या पहाऱ्याची रीत अशी. दुर्बीण आंत घालून तांबूस अस्तर किती लांब पसरलें आहे तें मोजतात. मग दर दोन सेंटिमीटरांवर चारी बाजूंनीं अस्तराचे चिमुकले तुकडे काढून ते सूक्ष्मदर्शकाखालीं पाहतात. पेशी शिस्तींत उभ्या आहेत काय, कीं त्यांची रांग मोडली आहे, हें त्यांत पाहावयाचें असतें. या मोडलेल्या शिस्तीला डिस्प्लेशिया म्हणतात. तिच्या सौम्य व तीव्र अशा दोन पायऱ्या आहेत. शिस्त शाबूत असेल तर ब्रिटनमधील प्रचलित सल्ला असा : आंतड्यासारखें अस्तर तीन सेंटिमीटरांपेक्षां कमी लांब असल्यास तीन ते पांच वर्षांनीं, आणि त्याहून लांब असल्यास दोन ते तीन वर्षांनीं पुन्हां तपासणी करावी. शिस्त मोडलेली दिसल्यास तें निदान दुसऱ्या तज्ज्ञाकडून पडताळून घ्यावें. कारण सौम्य पायरीबाबत तज्ज्ञांतहि मतभेद होतात.

पूर्वीं तीव्र पायरी आढळली कीं संबंध नलिका काढून टाकण्याचा सल्ला मिळे. ही स्थिति आतां पालटली आहे. उंचवट्यासारखा दिसणारा भाग दुर्बिणींतूनच कापून काढतात, आणि उरलेलें तांबूस अस्तर उष्णतेनें जाळतात. आम्ल दाबून ठेविलें कीं त्या जागीं पुन्हां मूळचें फिकट अस्तर येतें. खारें पाणी अडवून शेत पुन्हां गोडें करावें, तसेंच हें. २००९ सालीं अमेरिकेंत १२७ रोग्यांवर केलेल्या प्रयोगाचे आंकडे प्रसिद्ध झाले. एका वर्षानंतर तीव्र पायरीचा दोष उपचार केलेल्या गटांत शेंकडा ८१ जणांत नाहींसा झाला, तर लटका उपचार केलेल्या गटांत शेंकडा १९ जणांत. कर्करोग पहिल्या गटांत शेंकडा १.२ जणांना झाला, दुसऱ्यांत शेंकडा ९.३ जणांना. वर्षभरांत इतकें अंतर पडावें ही सामान्य गोष्ट नव्हे. आम्ल दाबणाऱ्या औषधांचाहि उपयोग आहे. १९८८ पासून मिळूं लागलेल्या ओमेप्राझोलच्या वर्गांतील गोळ्या जळजळ थांबवितात व भाजलेली जागा भरून आणतात. परंतु बदललेलें अस्तर केवळ गोळीनें सहसा परतत नाहीं.

येथवर ऐकून एखाद्या श्रोत्याची झोंप उडाली असेल, तर त्यानें पुढील आंकडेहि ऐकावे. २०११ सालीं डेन्मार्कमध्यें या विकाराच्या ११,००० हून अधिक रोग्यांची पाहणी प्रसिद्ध झाली. तींत असें आढळलें कीं, एका वर्षांत सुमारें ८६० रोग्यांमागें एकालाच हा कर्करोग होतो. पूर्वींचा अंदाज याहून पुष्कळ मोठा होता. मग प्रत्येकाला जन्मभर दुर्बिणीच्या पहाऱ्यांत ठेवावें काय? ब्रिटनमध्यें ३,४०० हून अधिक रोग्यांचे दोन गट करून हा प्रश्न पडताळण्यांत आला. एका गटाची दर दोन वर्षांनीं तपासणी झाली. दुसऱ्याची लक्षणें दिसतील तेव्हांच. २०२५ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाला, तो असा कीं, दहा वर्षांहून अधिक काळानंतर दोन्ही गटांच्या आयुर्मर्यादेंत फरक दिसला नाहीं. याचा अर्थ पहारा व्यर्थ आहे असा करूं नये. पेशींची शिस्त मोडलेल्यांना उपचाराचा लाभ होतो, हें आपण पाहिलेंच. अर्थ इतकाच कीं, सरसकट सर्वांच्या दारीं शिपाई उभा करण्यापेक्षां कोणाच्या घराला धोका आहे, तें आधीं ओळखावें.

ही निवड सोपी करण्याचा प्रयत्न केंब्रिज येथें रिबेका फिट्झजेरल्ड यांनीं केला आहे. दोऱ्याला बांधलेली एक कॅप्सूल रोग्यानें पाण्याबरोबर गिळावयाची. जठरांत तिचें आवरण विरघळून आंतला स्पंज फुलतो, आणि दोरा ओढून तो वर काढतांना अन्ननलिकेच्या अस्तरावरील पेशी त्याला लागतात. मग प्रयोगशाळेंत त्या पेशींवर विशिष्ट रंगक्रिया करून बदललेलें अस्तर ओळखतां येतें. २०२० सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत जळजळीचें औषध घेणाऱ्या १३,००० हून अधिक लोकांचा समावेश होता. ज्या गटास स्पंजची तपासणी देऊं करण्यांत आली, त्यांत वर्षभरांत १४० जणांस बॅरेटचा विकार आढळला. नेहमींच्या पद्धतीच्या गटांत केवळ १३ जणांस. ज्यांच्यांत कांहीं सांपडतें, त्यांचीच पुढें दुर्बिणीनें तपासणी करावयाची. तलवार गिळणाऱ्या माणसापासून निघालेली वाट आतां दोऱ्याला बांधलेल्या स्पंजापर्यंत आली आहे.

आपल्या देशापुरतें एक सांगितलें पाहिजे. भारतांत अन्ननलिकेचा कर्करोग होतो तो बहुतांशीं निराळ्या जातीचा, चपट्या पेशींचा असतो, आणि त्याचा संबंध तंबाखू व दारू यांच्याशीं आहे. तेव्हां आपल्याकडे पहिला पहारा तंबाखूच्या डबीवर बसविला पाहिजे. तथापि बॅरेटचा विकार आपल्याकडे होतच नाहीं असें नाहीं. पुरुष, वय पन्नाशीच्या पुढें, पोटाचा घेर वाढलेला, धूम्रपानाची संवय, आई-बाप किंवा भावंडांत या जातीचा रोग, आणि वर्षानुवर्षें चालत आलेली जळजळ, इतक्या गोष्टी ज्याच्या ठिकाणीं एकत्र आल्या असतील, त्यानें दुकानांतून परस्पर गोळ्या न घेतां डॉक्टरांस एकदां विचारावें. आणि ज्याचा घांस अडकतो, वजन कारणाशिवाय घटतें, ओकारींत रक्त पडतें किंवा शौचास काळें होतें, त्यानें तर एक दिवसहि थांबूं नये. इतरांनीं रात्रीं लवकर व बेतानें जेवावें, जेवतांच आडवें होऊं नये, वजन आटोक्यांत ठेवावें, आणि स्वस्थ झोंपावें.

या इतिहासापासून घेण्यासारखा बोध माझ्या मतें हाच आहे. अन्ननलिका जठरासारखी दिसते, म्हणून ती जठरच, असें एका थोर शस्त्रवैद्यास वाटलें. जळजळ थांबली, म्हणून आपण बरे झालों, असें सामान्य रोग्यास वाटतें. विकार सांपडला, म्हणून आतां कर्करोग ठरलेलाच, असें घाबरलेल्यास वाटतें. तिन्ही ठिकाणीं प्रत्यक्ष पाहण्याच्या आधींच निर्णय झालेला असतो. बॅरेट यांनीं पुन्हां पाहिलें आणि मत बदललें. रोग्यानेंहि अंदाजावर न राहतां योग्य माणसाकडून एकदां पाहून घ्यावें, इतकेंच सांगून मी आपली रजा घेतों.